थांबून मिळवलेला टेम्पो

नव्या रेक्झिनचा वास आला की मला माझा पहिला टेम्पो आठवतो. चाकणच्या कंपन्यांत जेवणाचे डबे पोचवायला मला तो हवा होता. घाईघाईत मी दिसेल त्या फायनान्सकडे अर्ज केला आणि सगळीकडून नकार आला. शेवटी बँकेतल्या मॅडमनी समजावलं, "ताई, प्रत्येक अर्जामागं तुमचा क्रेडिट रिपोर्ट तपासला गेला, तसा स्कोअर उतरत गेला. एवढ्या चौकशा दिसल्या की वाटतं, या बाईला पैशाची फारच निकड आहे. आता काही महिने कुठंच अर्ज करू नका." मी थांबले. कर्ज मिळवून देणारे एजंट फोनवर गळ घालायचे, नवरा चिडायचा, "अगं, आणखी एका ठिकाणी विचारून तर बघ!" मी साफ नाही म्हणायचे, फ्रिजचा हप्ता तेवढा वेळेवर भरायचे. दिवाळीच्या तोंडावर स्कोअर सावरला आणि त्याच मॅडमनी कर्ज मंजूर केलं. शोरूममधून टेम्पो मीच बाहेर काढला. तळेगाव चौकातल्या गर्दीत शेजारी बसलेले सासरे खिडकीतून ओरडले, "सरका की राव, आमची सून गाडी घिऊन आली हाय!" मी हॉर्न दाबूनच धरला. आज माझ्याकडं गाडी चालवायला शिकलेल्या बायका याच रस्त्यावर स्वतःचे टेम्पो पळवतात.