तिशाच्या वाटचं अंडं

किरगीझस्तानातल्या काराकोल गावात ग्लाफिराइतकं लाल अंडं कुणाचंच उतरत नसे. बाजारची रंगाची पुडी तिला चालायचीच नाही. हिवाळाभर कांद्याची सालं साठवायची आणि ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांच्या पाण्यात अंडी उकळायची. पलीकडची बुरुल किरगीझ, नमाजी घरातली, पण तीसुद्धा न सांगता सालांची पिशवी कुंपणाला अडकवून जायची.

मग ती अंडी वाटायची. जिवंत माणसाचे तीन मुके घ्यायचे, अंडं हातात ठेवायचं, "ख्रिस्त उठला" म्हणायचं. त्यानं "खरंच उठला" म्हणायचं. गेलेल्याचं अंडं कबरीवर ठेवायचं आणि त्यालाही तीच बातमी द्यायची. खाली पडलेली माणसं वर्षभर या एका बातमीसाठी कान देऊन असतात म्हणे. पाद्रीबाबा दरवर्षी कानीकपाळी ओरडायचे, की बायांनो, कबरींचा दिवस पुढच्या आठवड्यात असतो, आज घरी बसा. ऐकतंय कोण!

ग्लाफिराच्या घरी मात्र दर ईस्टरला एकाच अंड्यावरून ठिणगी पडायची. तिशाचं अंडं जिवंताचं म्हणून घरी ठेवायचं, की कबरीवर?

तिशा म्हणजे तिखोन, तिचा एकुलता एक. लहानपणी प्रश्न विचारून डोकं उठवायचा. अंडी उकळताना ती त्याला सांगायची, की येशूला मारून गुहेत ठेवलं, तोंडाशी मोठी धोंड लावली. तिसऱ्या दिवशी पहाटे बायका त्याच्या अंगाला लावायची सुगंधी तेलं घेऊन गेल्या, तर धोंड बाजूला आणि आत कोणीच नाही. त्या बायकांनीच पहिल्यांदा गावाला सांगितलं. त्यांतली एक पार रोमच्या बादशहासमोर अंडं घेऊन उभी राहिली. तो हसला, म्हणाला, मेलेला उठतो तर हे अंडंही लाल होईल. आणि झालं की लाल!

"पण आत कोणी नाही हे त्यांना कसं कळलं?" तिशा विचारायचा.

"डोकावून बघितलं, गाढवा."

हाच तिशा अफगाणिस्तानच्या लढाईवर गेला आणि जस्ताच्या पेटीत परत आला. पेटी झाळून बंद केलेली. उघडायची नाही, असा वरचा हुकूम. सोबत आलेला अधिकारी पेटीपासून हलेना. ग्लाफिरानं नखांनी जस्त ओरबाडलं, त्याचे पाय धरले. नाहीच. मग पुरून होईपर्यंत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "त्या बायकांना निदान आत बघू तरी दिलं."

कुठल्या तरी गावी पेट्यांची अदलाबदल झाली, अशी कुजबुज पुढे तिच्या कानावर आली, आणि बाईनं ती पदरात बांधून घेतली. तिशा जिवंत आहे. कुठे तरी अडकलाय. त्याचं अंडं ती येशूच्या तसबिरीमागे ठेवायची, वर्षभर जपायची, नवं आलं की जुनं बागेत पुरायची.

नवरा प्रोखोर साधा माणूस, सुतार. तो दर ईस्टरला स्वतःच्या वाटचं अंडं खिशात घालून गुपचूप कबरीवर जायचा. एकदा तिनं त्याला फाटकातच गाठलं.

"जित्या पोराच्या नावानं कबरीवर अंडं ठेवतोस? बाप आहेस की वैरी?"

प्रोखोर भांडला नाही. म्हणाला, "ग्लाशा, तो खाली असेल, आणि त्याला कुणीच सांगितलं नाही, तर?" आणि चालू लागला. दोन दिवस तिनं त्याला जेवताना मीठही हातात दिलं नाही.

असा त्यांचा संसार म्हातारा झाला. यंदा हिवाळ्यात प्रोखोर छातीच्या दुखण्यानं गेला, आणि त्याला तिशाच्या शेजारीच पुरलं.

ईस्टरला जर्दाळू फुलला होता. ग्लाफिरा दोन अंडी घेऊन निघाली: एक प्रोखोरचं, एक तिशाचं. तिशाचं का घेतलं, हे तिला विचारलं असतं तर तिनं खाऊ की गिळू करून बघितलं असतं. ती प्रोखोरच्या कबरीशी वाकली, अंडं ठेवलं, बातमी सांगितली. "आता झालं ना समाधान, म्हाताऱ्या," म्हणाली, आणि उठली.

शेजारची कबर उघडीबोडकी होती. आजूबाजूला सगळ्यांकडे अंडी, पाव, माणसं. याच्याकडे कोणी नाही. इतकी वर्षं प्रोखोर येत होता, म्हणून तिला हे दिसलंच नव्हतं. हा तिशा नाही, ठीक आहे. पण मग कोण आहे? कुणाचा तरी आहेच ना. त्याची आई असेल कुठल्या तरी गावी, भलत्याच कबरीशी रडणारी, नाहीतर माझ्यासारखीच घरात अंडं लपवून बसलेली. आणि हे पोर इथे, परक्यात, बातमीवाचून.

ती खाली बसली. मातीवर हात ठेवला. परक्याच्या लेकराला काय हाक मारायची, ते तिला कळेना.

"बाळा," ती म्हणाली, "कुणाचाही अस. ख्रिस्त उठला, बरं का." मग हात मातीवरून फिरत राहिला, आणि तोंडातून आपोआप आलं, "तिशा."

पेटी आली त्या दिवशी अडलेलं रडू आज फुटलं. भोवतालच्या बायका जवळ आल्या नाहीत. त्यांना कळलं होतं.

दुपारी बुरुल तिला बघायला आली. ईस्टरला ती आली की तसबिरीमागच्या अंड्याकडे एकदा बघायची, सवयच होती. आज ती जागा रिकामी होती.

"ग्लाशामावशी, तिशाचं अंडं कुठंय?"

ग्लाफिरा पाव कापत होती. तिनं मान वर केली नाही.

"देऊन आले त्याला," ती म्हणाली.