खंडेनवमीला दाबलेलं बटण

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही, आणि तिला मी सगळं सांगते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही समोर नाही. एवढंच धाडस आहे माझ्यात – आधीच सांगून ठेवलेलं बरं.

शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या पुढे, एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. बरीच वर्षं झाली. आमची लॅब दिसायला मोठी, टेबलाटेबलावर पडदा आणि कीबोर्ड. पण खरं काम करणारं मोठं मशीन एकच, कोपऱ्यातलं. त्याच्या पोटात प्रत्येक मुलासाठी एक वेगळा, आभासी कॉम्प्युटर चालतो. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मुलांना काय करू द्यायचं आणि काय नाही, हे सगळं माझ्या हातात. आणि ते कुलपं लावायचं काम मला फार आवडायचं. सेटिंग बंद, पेनड्राइव्ह बंद, नवीन काही टाकणं बंद. एक कुलूप तर माझ्या विशेष अभिमानाचं होतं – मोठं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की आतले सगळे कॉम्प्युटर पहिल्या दिवसासारखे कोरे. मुलांनी कितीही घाण केली तरी साफ.

मग मुलांचं काम कुठे राहणार? बरोबर विचारलंत. त्यांच्यासाठी न पुसली जाणारी एक जागा करून द्यायला हवी होती. एका दुपारचं काम. मी ते उद्यावर टाकत राहिले. मोठं मशीन कधी बंदच होत नसे – लाइट गेली तरी इन्व्हर्टर होता – त्यामुळे मुलांच्या फायली महिनोन्महिने जागेवर राहत. कुणाला काही कळलं नाही. मलाही आठवण राहिली नाही.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या मुलांनी प्रदर्शनासाठी गावातल्या बोअरचा नकाशा करायला घेतला होता. कुठली बोअर कधी आटते, कुठल्या वस्तीला टँकर लागतो. मुलं घरोघर हिंडून विचारून आली होती. पण ते मशीनवर बसवलं एकटीने – कोमलने. घर धनगराचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता थोडी शेती. मुलगी बोलायला कमी आणि हाताला चलाख.

कोमलची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती आधी सांगितली नाही तर पुढचं तुम्हाला पुरेसं घाणेरडं वाटणार नाही. दसऱ्याच्या बऱ्याच आधी ती एकदा वर्ग सुटल्यावर मागे थांबली. मदतीच्या, म्हणजे हेल्पच्या, खिडकीतून आडवाटेने सेटिंगमध्ये शिरता येतं, हे तिला सापडलं होतं. म्हणाली, "मॅडम, हितनं आत जाता येतंय. बंद करा, न्हाईतर पोरं काशी करतील." मी त्याच दिवशी ती वाट बंद केली. तिला शाबासकी दिली का? नाही. माझ्या कुलपात फट निघाली, याचाच राग आला होता.

मग खंडेनवमी आली, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची. आमच्याकडे त्या दिवशी झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. ट्रॅक्टर, विळे, कडबाकुट्टी – आणि शाळेत लॅब. शिपाईमामा झेंडूच्या माळा आणि नारळ घेऊन आले. मी हळदीकुंकवाचं बोट पुढे केलं, तसे म्हणाले, "मॅडम, चालत्या हत्याराची पूजा करत्यात व्हय? आजच्या दिवस तरी त्याला निजू द्या की." बरोबरच होतं त्यांचं. मी पासवर्ड टाकला. तो फक्त माझ्याकडेच असतो. मशीन बंद करायला गेले तर पडद्यावर विचारणा आली – आतलं सगळं पुसलं जाईल, नक्की ना? मी वाचलंसुद्धा नाही. नारळ फोडायचा होता, घरी जायचं होतं. हो म्हटलं. मग कुंकू लावलं, माळ घातली, हात जोडले.

दसऱ्यानंतर मुलं लॅबमध्ये आली तेव्हा नकाशा नव्हता. काहीच नव्हतं. कोमल पडद्याकडे बघत राहिली. आणि मला – तिथे दारात उभ्या उभ्या – कळलं. शंका वगैरे नाही, स्वच्छ कळलं. त्याच क्षणी तोंड उघडायला काय लागत होतं? एक वाक्य. "माझ्याकडून पुसलं गेलं." बस.

मी म्हणाले, "कुणी हात लावला होता सेटिंगला?"

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की आजही किळस येते. ठरवून बोलले असते तर एक वेळ बरं.

संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक बसली. शाळा समितीचे आप्पा आले होते, त्यांचा नातू त्याच प्रकल्पात होता. कोण असं करू शकतं, असं त्यांनी मला विचारलं. आणि मी सांगितलं की कोमल पूर्वी एकदा सेटिंगमध्ये शिरली होती. यातला शब्द खोटा नाही, बघा. ती स्वतः सांगायला आली होती, हे गाळलं. ती वाट मीच बंद केली होती, हेही गाळलं. आप्पा मिशीत हसले. "मेंढरं हाकायची सोडून मशीन हाकाया लागली, मग दुसरं काय व्हनार?" सगळे हसले. मी हसले नाही. पण गप्प बसले, आणि गप्प बसण्याचा अर्थ त्या खोलीत काय होत होता ते मला चांगलं ठाऊक होतं.

कोमलला बोलावलं. वडील सोबत, टोपी हातात. ती रडली नाही. बाकी कुणाकडे बघितलंही नाही, फक्त माझ्याकडे. "मॅडम, म्या न्हाई केलं. तुमाला तर ठावं हाय, तितनं आता जाताच येत न्हाई. तुमीच सांगा यास्नी."

त्या खोलीत तिचं बोलणं समजणारी मी एकटी. मुख्याध्यापकांना माउस धरता येत नव्हता. माझंच कुलूप तिच्या बाजूची साक्ष होतं – ते इतकं पक्कं होतं की कुठल्याही मुलाला हे करणं अशक्य. मी म्हणाले, "शक्य आहे. ही हुशार आहे."

तिचे वडील मला म्हणाले, "पोरगी खोटं बोलत न्हाई, मॅडम. पर तुमी म्हणताय म्हंजी असंल."

तिला वर्ष संपेपर्यंत लॅबबंदी झाली. दहावीनंतर तिला पाबळच्या बाजूला यंत्रांचं काहीतरी शिकायला जायचं होतं. वडिलांनी पाठवलं नाही. मशीनपायी नाव गेलं तेवढं पुरे, म्हणाले. मी? मी दुसऱ्याच आठवड्यात मुलांच्या फायलींसाठी न पुसली जाणारी जागा करून टाकली. गुपचूप. दुपारही पुरी लागली नाही. वर आणखी कुलपं लावली, आणि समितीने त्याबद्दल माझं कौतुक केलं. आमची मुलं आता मशीनवर टायपिंगशिवाय काही करू शकत नाहीत. कुणी फट शोधत नाही. शोधली तरी मला येऊन सांगत नाही.

आता शेवटचं. दौंडला शिक्षकांची प्रशिक्षणं होतात. मुलांच्या आभासी मशीनवर निर्बंध कसे घालायचे, हे मी तिथे शिकवते. दुपारच्या जेवणानंतर लोक पेंगायला लागतात, तेव्हा एक किस्सा ठेवलेला आहे – आमच्याकडच्या एका मुलीने अख्ख्या वर्गाचं काम कसं उडवलं. आप्पांच्या वाक्यासकट सांगते. हमखास हशा येतो.

गेल्या प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी मी बहिणीकडे, भांडगावला होते. हायवेच्या कडेला भाजी घेताना कोमल दिसली. कडेवर मूल. ओळखून पुढे आली, मूल सावरत वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. "बऱ्या हाव का, मॅडम?" बाकी काही नाही. तिच्या आवाजात टोमणा शोधला मी. नव्हता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा," म्हणाले. पाय मागे घेतले नाहीत.

रात्रभर ठरवलं की किस्सा आता बंद. दुसऱ्या दिवशी दौंडला जेवणानंतर मागच्या ओळी पेंगायला लागल्या, आणि मी तो सांगितला. लोक हसले. हो, मीपण हसले.

किस्स्यात मी नाव घेत नाही, "एक मुलगी" म्हणते. तिचं नाव कोमल. तिने काहीही उडवलं नव्हतं. बटण मी दाबलं होतं, आणि बोटाला कुंकू होतं.