आठ मिनिटांचा नियम

सोळा नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे. वृद्धनिवासाच्या बैठकीच्या खोलीत माणसे सात, पडद्यावर सहा.

ही यंत्रणा जिने घडवली ती तंत्रज्ञ शहराच्या दुसऱ्या टोकाला, कचेरीत, त्याच आकड्याकडे पाहत होती. त्या सातांत तिचे वडील होते. छताला लावलेल्या तिच्या कॅमेऱ्याचे काम सोपे होते : कोणी उठले की पायापुढे दिवा लावायचा, कोणी कोसळले की घंटा वाजवायची आणि खोलीतली माणसे अखंड मोजत राहायचे. वडिलांनी त्याला 'सासूबाई' असे नाव ठेवले होते. "पाय खाली घ्या हो, सासूबाई बघतायत," असे ते शेजारच्या म्हाताऱ्याला बजावत. आणि छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात जन्म घालवलेला तो जुळारी दोन्ही पाय मुद्दाम स्टुलावर ठेवी.

पहिल्या महिन्यात सासूबाईंनी उच्छाद मांडला. कोणी खुर्ची सरकवली, कोणी शाल जमिनीवर टाकली, की तिलाच पडलेला माणूस समजून घंटा. "मॅडम, डोकं उठलंय माझं," परिचारिका फणकारली. "शाल पडली तरी मीच धावायचं का?" तेव्हा तंत्रज्ञ बाईने एक नियम घातला : आठ मिनिटे जे हलत नाही, ते सामान; ते मोजायचे नाही आणि पडले तरी घंटा वाजवायची नाही. चाचणीसाठी ती आणि तिचा सहकारी गादीवर तीसेक वेळा पडले, हसले, उठले. आठ मिनिटे निपचित राहायला दोघांनाही सवड नव्हती.

घंटा शहाण्यासारखी वागू लागली. सगळे खूश झाले. इतके, की दर पाव तासाने प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून जाण्याची परिचारिकेची जुनी फेरी व्यवस्थापकांनी बंद केली. अखंड मोजणारे कोणी असताना माणसाने पुन्हा मोजायचे कशाला?

आता साताऐवजी सहा पाहून तंत्रज्ञ बाईने नोंद मागे नेली. तीन अठ्ठावीसपर्यंत सात, मग सहा. मधल्या काळात दार उघडलेलेच नव्हते. नियम तिचाच होता; अर्थ उमगायला क्षणही लागला नाही. आत कोणीतरी वीस मिनिटे हललेले नव्हते. तिने परिचारिकेला फोन लावला.

"सिस्टर, बैठकीत किती जण आहेत?"

"सहा."

"मोजलेत तुम्ही?"

"पडद्यावर आहे की. सगळं हिरवंगार दिसतंय."

"पडदा राहू द्या! आत जा, हात लावून मोजा. आधी बाबांना बघा!"

चपलांचा आवाज. दार. ती फोन कानाशी धरून ऐकत होती. "एक... दोन... तीन..." आणि मग ओळखीचा, खवचट आवाज : "काय गं, सासूबाईंनी चुगली केली वाटतं?"

तिचा जीव भांड्यात पडला. तो पडत असतानाच परिचारिकेची हाक ऐकू आली. "आजोबा? अहो आजोबा!"

जुळारी खुर्चीत बसल्याबसल्याच गेला होता. पाय स्टुलावर तसेच होते. तो कोसळला नव्हता, म्हणून घंटा वाजली नव्हती. झटका आला तेव्हाच कोणी पोहोचले असते तर कदाचित वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले. 'कदाचित' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

संध्याकाळी जुळाऱ्याच्या मुलीने तंत्रज्ञ बाईचे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही फोन केलात म्हणून कळलं तरी." ती नुसते "हो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नियम काढून टाकला. फेरी पुन्हा सुरू झाली. खरी हकिकत तिने एकट्या वडिलांना सांगितली. तेव्हापासून पेपर वाचतानाही त्यांचा एक हात सतत हलत असतो. डुलकी लागली, की दचकून जागे होतात आणि आधी छताकडे बघतात.

तो नियम कोणी घातला, हे जुळाऱ्याच्या मुलीला सांगणे बाकी आहे. ते देणे अद्याप चुकते झालेले नाही.