दुसरा छर्रा

१९८२च्या दिवाळी सुटीनंतर, कॉलेजच्या पहिल्याच सोमवारी, माझ्या वर्गातल्या केळझरच्या मंदावर अन्याय झाला. काल भिंतीवर आमच्या रविवारच्या आंदोलनाची पत्रकं लावताना खळीचा आंबूस वास आला आणि ती सकाळ जशीच्या तशी समोर आली.

कापसाच्या जिनिंगच्या जुन्या गोदामात कॉलेजचे सर नेमबाजी शिकवायचे. आम्ही मुली त्या दिवशी प्रथमच आत गेलो. समोर कापसाच्या गाठी, त्यांच्यावर एकच दिवा. मुलं हवेच्या बंदुकीनं छर्रे मारत होती. आम्हा मुलींकडे खळीचं डबडं, निशाणाचे कागद चिकटवायला. आत येऊ दिलं, याचंच मला तेव्हा अप्रूप! आज संताप येतो.

मंदानं डबडं खाली ठेवलं. "सर, मले बी मारू द्या."

"खांदा निखळंल, पोरी."

"वावरात गोफण मीच चालवतो. कुठं निखळला?"

मुलं हसली. सरांनीही गंमत म्हणून एक छर्रा दिला. मंदा सतरंजीवर पालथी झाली. छर्रा काळ्या वर्तुळाच्या मधोमध घुसला.

"तुक्का लागला," सर म्हणाले.

"मंग दुसरा द्या!"

सरांनी बंदूकच काढून घेतली. मंदा उठली नाही. हात पुढे करून तशीच पडून राहिली.

त्या गोदामात आजही नेमबाजी शिकवतात, आणि आजही खळ मुलीच लावतात. येत्या रविवारी तुमच्या मुलीला तिथं घेऊन या, आणि तिच्या हाती बंदूक येईपर्यंत हलू नका.