माझी फेरी आणि त्यांचा सिनेमा

शिडाच्या बोटींच्या शर्यती खेळून मला थोडी पदकं मिळाली आणि पोतंभर किस्से. पण माझ्यावरून सिनेमा निघाला, त्यानंतर जमलेले किस्से सांगताना आधी हसू येतं आणि मग जेवण जात नाही.

*

सिनेमाचा लेखक आमच्या गावी, राजोडीला आला. मी त्याला माझी हरलेली शर्यत सांगितली. आमच्यात नियम असा, की वळणावरच्या बोयाला, म्हणजे खुणेच्या तरंगत्या पिंपाला, बोट घासली तर बाजूला होऊन एक गोल फेरी मारायची. पंच बघो न बघो, शिक्षा आपली आपण घ्यायची. मी पहिली होते. बोट घासली, फेरी मारली, चौथी आले.

"कुणी बघितलं होतं, मॅम?"

"नाही."

"मग मारली कशाला?"

साहेबांनी वहीत काही लिहूनसुद्धा घेतलं नाही!

*

हिरॉइन गोड मुलगी, पण बोट चालवता येईना. मग चेहरा तिचा आणि पाठ माझी. मला केस मोकळे सोडायला लावले. दोरीत अडकतील म्हटलं, तर दिग्दर्शक म्हणतो, "केस उडाले नाहीत तर वारा दिसणार कसा?"

एवढं मोठं शीड काय वाळत घातलं होतं?

*

आमचे कोच सत्तरीचे, दम्याचे. सिनेमात ते तिशीचे, शर्टाविना! आणि माझी इतक्या वर्षांची बोटीवरची जोडीदार सिल्विया, शेजारच्या नंदाखाल गावची, ती व्हिलन. सिनेमात आम्ही दोघी त्या कोचसाठी भांडतो.

सिल्वियाच्या नवऱ्याने घाबरत विचारलं, "खरंच?"

"त्या म्हाताऱ्यासाठी? आम्ही भांडायचो भुजिंगमधल्या कोंबडीच्या शेवटच्या तुकड्यासाठी!"

*

आणि माझी फेरी? हिरॉइन घाबरते, सुकाणू सोडते, बोट गरगरते. कोच उडी मारून तिला वाचवतो. मग गाणं, मग लग्न, बोट बंद. वर पाटी, 'सत्य घटनेवर आधारित'!

गावच्या हॉलमध्ये खेळ झाला. मी उठून खरं काय ते सांगायला लागले, तर मागून आवाज आला, "टीचर लाजल्या!" टाळ्या पडल्या. इतका संताप मला कुठलीच शर्यत हरून आला नव्हता.

*

मी राजोडीला मुलींना बोट चालवायला शिकवते, म्हणून गावाला मी 'टीचर'. जिंकण्याच्या आधी त्यांना ती फेरी शिकवायची, एवढीच माझी हौस. सिनेमानंतर सातजणींतल्या चार उरल्या. एक बाप म्हणाला, "टीचर, तुमीच पान्यात घाबरल्या, पोरींना काय शिकवनार?" मी अर्धा तास नियम समजावला. त्याने मान डोलावली आणि मुलीला घेऊन गेला.

*

परवा आमच्या प्रणालीची पहिली मोठी शर्यत होती. चौघींत तीच सगळ्यात तयार. मी किनाऱ्यावरून दुर्बिणीतून बघत होते, शेजारी तिची आई. प्रणाली सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर बोट बोयाला घासली आणि अडखळली. पंचांची बोट लांब होती.

प्रणालीने मागे बघितलं. मग किनाऱ्याकडे बघितलं.

"घाबरू नको गो! सरळ चल!" आई ओरडली.

प्रणाली सरळ गेली. पहिली आली.

आईने मला घट्ट मिठी मारली. डोळे पुसत म्हणाली, "बगितलं टीचर? माझी पोर नाय घाबरली!"