हिरवी खूण

व्हर्लिन स्टकीनं एकतीस वर्षं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर काढली. शेतकरी आत येऊन नुसतं "ते वाकडं, दोन भोकांचं, खालच्या बाजूचं" एवढंच म्हणायचा आणि व्हर्लिन मान वर न करता त्या भागाचा नंबर सांगायचा. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या त्या कोपऱ्यात त्याच्या डोक्याचा मोठा लौकिक होता. निवृत्त झाल्यावर असलं डोकं गप्प बसतं थोडंच! त्यानं ते देवाच्या कामाला लावलं.

निरोपाच्या दिवशी चर्चच्या मंडळीनं त्याला संगणकावरचं बायबल भेट दिलं. सोबत दोन हजारांवर ग्रंथ, कोश, भाष्यं. लोक असली लायब्ररी हौसेनं घेतात आणि रोज सकाळी त्यातलं एक पान वाचून समाधान मानतात. व्हर्लिननं ती प्रश्नांप्रमाणे लावायला घेतली. माणसाचा विश्वास ज्या ज्या प्रश्नानं डळमळतो, त्या प्रत्येकाला एक टॅग. येशूची कबर रिकामी होती कशावरून? बायबलातल्या चार शुभवर्तमानांत फरक का? देव चांगला, तर दुःख कशाला? टॅगखाली उतारे आणि कडेला रंगीत खूण. लाल म्हणजे शोध चालू, पिवळी म्हणजे अर्धं हाती लागलं, हिरवी म्हणजे उत्तर तयार.

रविवारी चर्चच्या तळघरात त्याचा वर्ग भरायचा. बारा-चौदा माणसं कागदी पेल्यातून कॉफी पीत बसायची. कुणी शंका काढली की व्हर्लिन म्हणायचा, "आहे, आहे, थांबा," आणि बघता बघता उतारा भिंतीवर उमटायचा. माणसं खूश व्हायची, आणि व्हर्लिन त्यांच्याहून खूश.

त्याची एकुलती एक मुलगी लिनेट कॅन्सस सिटीला जनावरांच्या दवाखान्यात काम करायची. आई, म्हणजे वांडा, कॅन्सरनं गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून लिनेटचं चर्चला जाणं हळूहळू सुटलं होतं. बापलेक त्यावर बोलत नसत. ईस्टरला मात्र ती आली, जेवली, आणि निघताना उरलेल्या हॅमचा डबा गाडीत ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, एक विचारू? कुणाजवळ बोलू नका पण."

"छे गं. विचार ना."

"आईच्या पलंगाभोवती आपण सगळे हात धरून उभे होतो ना, पाळक प्रार्थना करत तिच्या कपाळाला तेल लावत होते. तेव्हा ती बरी होईल असं तुम्हाला खरंच वाटत होतं?"

व्हर्लिननं जरा विचार केला. "चांगला प्रश्न आहे," तो म्हणाला. "बघून सांगतो."

बघून सांगतो! काउंटरवर हे वाक्य शोभत होतं. इथं पोरगी गाडीच्या दाराला हात लावून उभी होती आणि हा बाबा मनातल्या मनात फडताळ धुंडाळत होता.

तीन आठवडे तो खपला. 'न ऐकलेली प्रार्थना: लिनेट' असा टॅग केला, वर तिचे शब्द जसेच्या तसे, खाली एक्केचाळीस उतारे. शेवटी हिरवी खूण केली तेव्हा त्याला फार बरं वाटलं. आणि वर्गात पुढचा विषय दुःखाचाच होता म्हणून त्यानं संगणकावरची ती अख्खी वही वर्गातल्या सगळ्यांना पाठवून दिली. लिनेटचं नाव त्यात आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण त्या मंडळीत प्रार्थनेसाठी सांगितलं तर ते गुपित फोडणं धरतच नाहीत. रविवारी वर्गातल्या ग्लेंडा प्रुइटनं डोळे मिटून, नाव घेऊन लिनेटसाठी प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले, व्हर्लिनही म्हणाला.

गुरुवारी दुपारी लिनेटचा फोन आला.

"ग्लेंडाबाईंचं कार्ड आलंय. वर फुलं आहेत, आत तुमच्या वहीची पानं छापून घातलीत. माझ्या शंकांसाठी अख्खा वर्ग गुडघ्यावर आहे म्हणे."

"अगं, त्या प्रेमानंच..."

"मी तुम्हाला एकट्याला विचारलं होतं, बाबा. आणि ही हिरवी खूण कसली? उत्तर दिलंत? कुणाला दिलंत?"

"एक्केचाळीस उतारे आहेत त्यात, तू वाचलेस तर..."

"मी हो की नाही एवढंच विचारलं होतं! जाऊ दे. आता नाताळाला वाट बघू नका. कधीच बघू नका."

तिनं फोन ठेवला. व्हर्लिननं पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. चार वेळा नाही उचलला.

तो संगणकापुढे जाऊन बसला. वर्गाला पाठवलेलं परत घेतलं, पण ते लोकांनी वाचून, छापूनही झालं होतं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यानं शोधाच्या चौकटीत 'वांडा' असं लिहिलं. दोन हजार ग्रंथांतून एकही ओळ आली नाही. त्याच्या स्वतःच्या वह्यांतूनही नाही. एवढं टिपून ठेवणाऱ्या माणसानं बायकोविषयी एक अक्षर लिहिलं नव्हतं. व्हर्लिनला रडू फुटलं.

शुक्रवारी चार तास गाडी हाणत तो कॅन्सस सिटीला पोचला. दवाखान्याच्या मागच्या दारी थांबला. लिनेट मधल्या सुटीत बाहेर आली, अंगावर कुत्र्यांचे केस. बापाला बघून तिचा चेहरा आवळला.

"लॅपटॉप आणलाय का?"

"नाही. नव्हतं वाटत."

"काय?"

"ती बरी होईल असं नव्हतं वाटत. त्याच्या दोन दिवस आधीच मी तिच्यासाठी दफनाची जागा बघून आलो होतो. तुम्हा सगळ्यांपुढे नुसता तोंड घट्ट करून उभा होतो."

लिनेट पायरीवर बसली.

"पाळक काय म्हणाले होते आठवतं?" तिनं विचारलं. "हात धरलेल्यांपैकी एकाच्याही मनात किंतु नको, नाहीतर प्रार्थना अडते. मी तुमच्याकडे बघितलं, बाबा. तुम्ही अगदी खडकासारखे. मला वाटलं, किंतु एकट्या माझ्याच मनात आहे. दोन वर्षं मला वाटतंय, आई माझ्यामुळे गेली."

यावरही व्हर्लिनच्या लायब्ररीत सतरा उतारे होते, सगळे हिरव्या खुणेचे. त्याला एकही आठवला नाही. तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला.

"पोरी," तो म्हणाला, "हे तू मला आधी विचारलं असतंस तर..."

आणि अर्ध्यावरच थांबला. तिनं विचारलं होतं, ईस्टरला, गाडीच्या दाराशी.