बेबीकाकूची दुपारची गोळी

हिंगणघाटची आमची बेबीकाकू लोणच्याचा खार वाटीत घेऊन प्यायची. जेवण झालं की तळहातावर मीठ घेऊन, मुलं साखर चाटतात तसं चाटायची. घराच्या पुढच्या खोलीत काकांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाइकांसमोर काका चिडवायचे, "माह्यं अर्धं मीठ घरातच खपते." यावर सगळ्यांत जास्त काकूच हसायची.

नव्वदीच्या दशकात मी वर्ध्याला कॉलेजात जायला लागले, त्या सुमारास ती काळवंडत गेली. हाताच्या रेषासुद्धा काळ्या पडल्या. शेजारणी बेसन लावायला सांगत. वजन उतरलं, उभं राहिलं की भोवळ यायची. विचारलं तर म्हणायची, "थकली नाई व, जरा बसून राह्यली."

माझ्या ताईच्या हळदीच्या दिवशी तिला साधा ताप आला, उलट्या झाल्या आणि ती मांडवातच कोसळली. जीपनं वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या हिरड्या पाहिल्या, तळहात पाहिले आणि विचारलं, "यांना मीठ फार लागतं का?" काका तिथेच रडायला लागले. लगेच सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उशीला टेकून बसली आणि पहिलं काय विचारलं, तर, "लग्न थांबवलं त नाई ना?"

बाईंनी आम्हाला सगळं समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. ती कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड हार्मोन बनवते. त्यातलं एक अंगातलं मीठ धरून ठेवतं, दुसरं आजारपणात रक्तदाब आणि साखर सांभाळतं. हे दुसरं किती बनवायचं, त्याचा हुकूम मेंदूखालच्या ग्रंथीकडून येतो आणि रक्तात पुरेसं झालं की तो थांबतो. काकूच्या ग्रंथी जुन्या क्षयानं निकामी केल्या होत्या. हुकूम वाढत राहिला, पाळणारं कुणी नव्हतं आणि तो हुकूम आणणाऱ्या हार्मोनच्याच भरानं कातडी काळी झाली होती. आता गोळ्या घ्यायच्या. सकाळी जास्त, दुपारी कमी, तापात दुप्पट. बंद मात्र कधीच करायच्या नाहीत.

स्टेरॉइड हा शब्द ऐकून आत्यानं घर डोक्यावर घेतलं. "विष आहे ते, सोडून दे."

"बाई, तेच तुमच्या अंगात रोज बनते," काकू म्हणाली. "माह्यं अंग बनवत नाई, म्हणून मी दुकानातून आणतो. लागते तेवढंच खातो."

काही महिन्यांत तिचा रंग परत आला, गाल भरले. पुढे नात्यातल्या प्रत्येक वरातीत ती सगळ्यांत पुढे नाचायची. ताप आला की घरभर जाहीर करायची, "आज डबल आहे बरं."

दवाखान्याच्या बाकावर एकदा तिला तळेगावची संध्या भेटली. नवं लग्न, तोच आजार, रडून डोळे सुजलेले. काकू शेजारी बसली. "मी मेलेली दिसतो का तुले?" संध्या रडता रडता हसली. लेकरू होईल का, ही तिची भीती होती. गोळ्या चालू ठेवून होईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि तसं ते झालंही. बारशाला काकू मला घेऊन एसटीनं तळेगावला गेली.

दुपारी पाळण्याला फुलं बांधणं चाललं होतं. संध्या पदराखाली काहीतरी लपवून गोठ्याकडे निघाली. काकूच्या ते लक्षात आलं. इतके दिवस पोरगी घरच्यांच्या चोरून गोळ्या खात होती.

"इथंच घे ना व," काकू म्हणाली आणि सगळ्यांसमोर आपली गोळी तोंडात टाकली.

"कायची गोळी आहे?" संध्याच्या सासूनं विचारलं. संध्याचा चेहरा उतरला.

"तिची नि माह्यी एकच," काकू म्हणाली. "या गोळीमुळं तुमची सून उभी आहे अन् हे लेकरू पाळण्यात आहे. ही नसली त माणूस मांडवात पडते. मी पडलेली आहो."

सासू उठून आत गेली. संध्या खाली मान घालून बसली. थोड्या वेळानं सासू पाण्याचा गिलास घेऊन बाहेर आली आणि तिनं तो सुनेच्या हातात दिला.

"आधी हे घे," ती म्हणाली. "नाव मंग ठेवू."